मेल सर्व्हरसमोर कोणता राउटर ठेवावा

छोट्या कारखान्यांची नेटवर्क सांभाळणं हा माझा धंदा. कोल्हापूरच्या गोकुळ शिरगाव आणि शिरोली या औद्योगिक वसाहतींत फाउंड्र्या, मशीन शॉप, पॅटर्नवाले अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांतल्या काहींनी मेल सर्व्हर स्वतःच्याच ऑफिसात ठेवलाय. पंचवीस-तीस मेलबॉक्स, डेबियन लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल पाठवणारा-घेणारा प्रोग्रॅम) आणि डव्हकॉट (मेलबॉक्स वाचू देणारा), झालं. माणशी दरमहा भाडं भरायला मालक राजी नसतो, किंवा ड्रॉइंग दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायची नाहीत असं एखाद्या मोठ्या ग्राहकाने बजावलेलं असतं. कारण काहीही असो, सर्व्हरची ऑर्डर गेली की लगेच विचारणा होते, "फायरवॉल कुठला घेऊ?" म्हणजे इंटरनेट आणि सर्व्हर यांच्यामध्ये राखणीला बसणारा राउटर.

दुकानदार याचं उत्तर वेगात देतो. एवढे गिगाबिट, तेवढे युजर, सोबत तीन वर्षांचं लायसन्स. मेलला वेग लागतच नाही. तीस माणसांचा मेल दिवसभरात जेवढा डेटा खातो, तेवढा कॅन्टीनमधला एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ बघून संपवतो. मी दोनच गोष्टी बघतो. बाहेरून येणाऱ्याचा खरा पत्ता सर्व्हरपर्यंत पोचतो का? आणि आपला सर्व्हर जगाला कायम एकाच पत्त्यावरून दिसतो का? हे दोन्ही सरळ करता येत नसेल तर तो डबा कितीही महाग असो, मेलसाठी बिनकामाचा.

आधी नेटवाल्याला फोन

राउटर घेण्याआधी इंटरनेट कंपनीकडून चार गोष्टी वदवून घ्या, आणि शक्यतो लेखी. पहिली, स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, मिळेल का, आणि तो खरा पब्लिक असेल ना. बऱ्याच लाइनी आता सीजीनॅटच्या मागे असतात. म्हणजे एकच पब्लिक आयपी अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला. तुमच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या लाइनीच्या) पानावर १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यातला पत्ता दिसला तर तुम्ही त्यातले. तिथे मेल सर्व्हर चालणार नाही, राउटर सोन्याचा आणला तरी.

दुसरी, पोर्ट २५, म्हणजे मेल सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते दार, दोन्ही बाजूंनी मोकळा आहे का. घरगुती लाइनीवर तो बहुधा बंद ठेवतात, आणि ते योग्यच आहे. तिसरी, त्या आयपीचा पीटीआर, म्हणजे उलट्या दिशेने नाव सांगणारी डीएनएस नोंद, तुमच्या मेल सर्व्हरच्या नावाने करून देतील का. ही नोंद डोमेन विकणाऱ्याच्या हातात नसते, आयपी ज्याचा त्याच्याच हातात असते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठवणाऱ्यांसाठी जे नियम लावले त्यात ही नोंद हवीच आहे. फोनवरच्या मुलीला पीटीआर कळला नाही तर तक्रार वर द्यायला सांगा, तिच्यावर चिडून उपयोग नाही. चौथी, त्यांचा फायबरचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे नुसती लाइन पुढे सोडणारा, करून देतील का. नाही दिला तर नॅटच्या (पॅकेटवरचा पत्ता बदलण्याच्या) मागे नॅट होतो, आणि काही बिघडलं की कुठला डबा अडवतोय हे शोधण्यात दिवस जातो.

आयपी हाती आल्यावर स्पॅमच्या पत्त्यांच्या याद्या ठेवणाऱ्या स्पॅमहाउसच्या साइटवर तो तपासून घ्या. पीबीएल या यादीत असला तर घाबरू नका. 'या पट्ट्यातून थेट मेल जाणं अपेक्षित नाही' एवढाच तिचा अर्थ. स्टॅटिक आयपी आणि स्वतःचा सर्व्हर असेल तर तो त्यातून तुम्हालाच काढून घेता येतो.

खरा पत्ता आत पोचला पाहिजे

आता मुख्य गोष्ट. एका वर्कशॉपमध्ये आधीच्या माणसाने बसवलेला सेटअप मला बघायला बोलावलं होतं. तक्रार अशी की मेल जात नाहीत, सगळीकडून परत येतात. पोस्टफिक्सचा लॉग उघडला तर येणारं प्रत्येक कनेक्शन १९२.१६८.१.१ वरून. जीमेलवरून आलेला मेल, पुण्याच्या सप्लायरचा मेल, रात्री पासवर्ड शोधत फिरणारे बॉट, सगळ्यांचा पत्ता एकच, आणि तो राउटरचाच. गेटवरच्या वॉचमनने येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकासमोर वहीत स्वतःचंच नाव लिहावं, तसा प्रकार.

कारण साधं होतं. राउटरवर मास्करेडचा (पॅकेटवर राउटरचा पत्ता लावण्याचा) नियम लिहिताना 'फक्त वॅनकडे बाहेर जाणाऱ्या पॅकेटसाठी' ही अटच घातली नव्हती. त्यामुळे बाहेरून आत येणाऱ्या कनेक्शनचाही पत्ता बदलला जात होता. नेट चालतं, वेबसाइट दिसतात, म्हणून कुणाला संशय येत नाही. मेल सर्व्हरवर मात्र याने एकामागून एक गोष्टी पडतात. एसपीएफची, म्हणजे डोमेनचा मेल कुठल्या पत्त्यांवरून येऊ शकतो या नोंदीची, तपासणी खोटी ठरते, कारण जीमेलचा मेल १९२.१६८.१.१ वरून यायला जीमेलची परवानगी कुठे आहे? ब्लॉकलिस्टचा, म्हणजे स्पॅमवाल्या पत्त्यांच्या यादीचा, उपयोग संपतो. फेल-टू-बॅनने (चुकीचे पासवर्ड टाकणारा पत्ता अडवणाऱ्या प्रोग्रॅमने) एखाद्या बॉटला बंदी घातली की राउटरलाच बंदी बसते, आणि सगळ्या जगाचा मेल थांबतो. म्हणून कुणीतरी फेल-टू-बॅनच बंद करून ठेवलेला असतो.

सगळ्यात वाईट वेगळंच. ऑफिसातला स्कॅनर कागद स्कॅन करून मेल करतो, त्याला धड पासवर्ड टाकता येत नाही, म्हणून पोस्टफिक्समध्ये आतलं सगळं नेटवर्क विश्वासाचं म्हणून नोंदवलेलं असतं. आता बाहेरचा प्रत्येक जण आतल्या पत्त्यावरून येतोय म्हटल्यावर प्रत्येक जण विश्वासाचा. सर्व्हर उघडा रिले होतो, कुणीही यावं आणि आपल्या नावावर स्पॅम पाठवावा. त्या वर्कशॉपचे मेल परत येत होते ते यामुळेच.

म्हणून डबा निवडताना पहिला प्रश्न हा की पोर्ट फॉरवर्ड करताना मूळ पत्ता तसाच राहतो का, आणि मास्करेडला अट घालता येते का. घरगुती राउटरमध्ये 'व्हर्च्युअल सर्व्हर' नावाचं पान असतं, त्यामागे काय चाललंय ते दिसत नाही. काही बरोबर करतात, काही नाही, आणि चुकलं तर दुरुस्त करायची सोय नसते. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्ये ही अट बरोबर घातलेली येते. कुणीतरी 'नेट चालत नाही' म्हणून नियम पुसून नवा लिहितो तेव्हाच ती जाते.

अट काढण्यामागे बहुतेक वेळा एकच कारण असतं. ऑफिसच्या वायफायवर आलं की फोनवरचा मेल चालत नाही, कारण फोन पब्लिक आयपी शोधतो आणि तो आतूनच आतल्या सर्व्हरवर फिरून यावा लागतो. यासाठी हेअरपिन नॅट लिहितात. त्यापेक्षा राउटरच्या डीएनएसमध्ये मेल सर्व्हरच्या नावासमोर आतला आयपी लिहा. ऑफिसात फोनला आतला पत्ता मिळतो, बाहेर पब्लिक. नॅटशी खेळ करावाच लागत नाही. ही सोय असलेला राउटर घ्या.

बाहेर जाताना

दुसरा नियम लिहायला एक मिनिट लागतं आणि तरी तो क्वचितच लिहिलेला सापडतो. पोर्ट २५ वरून बाहेर जायची परवानगी फक्त मेल सर्व्हरला. बाकी सगळ्यांना बंद, आणि अडवलं की लॉगमध्ये नोंद. स्टोअरमधल्या जुन्या कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि त्याने स्पॅम फेकायला सुरुवात केली, तर ब्लॉकलिस्टमध्ये जातो तो पब्लिक आयपी, म्हणजे तुमच्या मेलचा. हा नियम असेल तर उलट व्हायरस लागल्याचं पहिल्यांदा राउटरच सांगतो.

इंटरनेट कंपनीने आठ आयपींचा गट दिला असेल (त्यातले वापरायला पाचच उरतात), तर मेलसाठी एक आयपी वेगळा काढा आणि जाणं-येणं दोन्ही त्यावरूनच करा. त्याला एकास-एक नॅट म्हणतात. डब्यात ही सोय आहे का ते आधी विचारा.

दोन लाइनी असतील तर जास्त सावध राहायला हवं. 'लोड बॅलन्सिंग' हे दुकानदाराचं आवडतं वैशिष्ट्य. अर्धी कनेक्शनं एका लाइनीवरून, अर्धी दुसरीवरून. मेल दुसऱ्या लाइनीवरून गेला की पीटीआर जुळत नाही, एसपीएफमध्ये तो आयपी नसतो, आणि मेल कधी पोचतो, कधी नाही. असा 'कधी-कधी'चा बिघाड शोधणं म्हणजे वैताग. मेल सर्व्हरला एकाच लाइनीला बांधून ठेवता येईल असा राउटर हवा, याला पॉलिसी राउटिंग म्हणतात. मग ती लाइन गेली तर? जाऊ द्या. पोस्टफिक्स न गेलेला मेल मुळात पाच दिवस रांगेत धरून ठेवतो. समोरचे सर्व्हरही तासन्‌तास, दिवसेंदिवस परत प्रयत्न करतात, एसएमटीपीचा (मेल पाठवण्याच्या पद्धतीचा) नियमच तसा आहे. चार तास लाइन नसल्याने मेल हरवत नाही. मालकाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे फोन कमी येतात.

लहान मेल जातात, मोठे अडकतात

ही तक्रार आली की मी आधी एमटीयू बघतो. पीपीपीओई (नाव-पासवर्डने जोडल्या जाणाऱ्या) लाइनीवर पॅकेटची कमाल लांबी, म्हणजे एमटीयू, १५०० ऐवजी १४९२ बाइट असते. मोठं पॅकेट वाटेत अडलं की 'लहान करून पाठव' असा आयसीएमपी निरोप परत येतो. सुरक्षेच्या नावाखाली कुणीतरी आयसीएमपी सरसकट बंद केलेला असतो, मग निरोप पोचतच नाही. दोन ओळींचा मेल जातो. पाच एमबीचं ड्रॉइंग जोडलं की पोस्टफिक्स नमस्कार-चमत्कार पुरे करतो, मजकूर पाठवायला लागतो आणि टाइमआउट होतो. उपाय दोन. आयसीएमपी सरसकट मारू नका, आणि राउटरमध्ये एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट मुळातच लहान ठेवणारी सोय) चालू करा. हा पर्याय ज्या डब्यात दिसत नाही तो पीपीपीओईवर घेऊ नका.

याच्याच जवळचं दुसरं दुखणं म्हणजे 'फोनवर मेल उशिरा येतो'. फोन आयमॅपवर (मेल वाचायच्या पद्धतीवर) आयडल पद्धतीने कनेक्शन उघडं ठेवून वाट बघतो, आणि मानकानुसार ते २९ मिनिटांच्या आत पुन्हा ताजं करायचं असतं. काही स्वस्त राउटर त्याआधीच 'काही हालचाल नाही' म्हणून कनेक्शन गुपचूप विसरतात. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये (राउटरवर टाकायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) ही मुदत ७४४० सेकंद, मायक्रोटिकमध्ये एक दिवस. तुमच्या डब्यात ती दिसते का आणि बदलता येते का, एवढं बघा.

कशाला पैसे देऊ नयेत

मेल तपासणारा फायरवॉल. आताचा बहुतेक मेल टीएलएसमध्ये, म्हणजे कुलूपबंद पाकिटात, गुंडाळून येतो. मधल्या डब्याला त्यातलं काही दिसत नाही, दिसायचं तर सर्टिफिकेट मध्येच तोडून जोडावं लागतं. ते काम सर्व्हरवर रस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) आणि क्लॅमएव्ही (व्हायरस शोधणारा) जास्त नीट करतात, फुकटात.

उलट असा हस्तक्षेप नडतोच. सिस्कोच्या पिक्स आणि पुढे एएसए फायरवॉलमधली एसएमटीपी तपासणी याबाबत प्रसिद्ध आहे. बाहेरून पोर्ट २५ ला टेलनेट केलं (हाताने जोडून बघितलं) की सर्व्हरच्या स्वागताच्या ओळीत नावाऐवजी नुसत्या चांदण्या दिसतात, आणि स्टार्ट-टीएलएसच्या जागी एक्स-एक्स-एक्स. समोरचा सर्व्हर समजतो की इथे टीएलएस नाही, आणि मेल उघडा पाठवतो. जुना एएसए कुठून स्वस्तात मिळाला असेल तर ती तपासणी आधी बंद करा. दुसऱ्या ब्रँडमध्ये हीच गोष्ट 'एसएमटीपी एएलजी', 'मेल प्रॉक्सी' अशा नावांनी येते.

मग घ्यावं काय

माझ्या मते तीन वाटा आहेत. पहिली, मायक्रोटिक हेक्स. पाच गिगाबिट पोर्ट, हाताच्या पंजाएवढा, पंखा नाही. तीस-चाळीस माणसांच्या ऑफिसला पुरून उरतो. वर सांगितलेलं सगळं त्यात होतं. अडचण एवढीच की तो शिकावा लागतो. पन्नास मेनू आहेत आणि कुठलाही तुमचा हात धरत नाही. ज्याला आयपीटेबल्स (लिनक्सचे फायरवॉल नियम) कळतं त्याला दोन दिवसांत जमेल, बाकीच्यांनी बसवणारा माणूस विश्वासाचा बघावा.

दुसरी, ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स हे फायरवॉल सॉफ्टवेअर, छोट्या पीसीवर. ओपीएनसेन्स जानेवारी २०१५ मध्ये पीएफसेन्सपासून वेगळा निघाला. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या, जानेवारी आणि जुलै. मी ऑफिसात शक्यतो हाच बसवतो, कारण पान उघडलं की नियम वाचता येतात आणि माझ्या मागे दुसरा कुणी आला तरी त्याला कळतं. पीसी घेताना नेटवर्क कार्ड इंटेलचं घ्या. दोघेही फ्रीबीएसडीवर चालतात आणि तिथे रिअलटेकची कार्डं रडवतात. तीन पोर्ट तरी हवेत. तिसऱ्यावर मेल सर्व्हर एकटा, त्याचं नेटवर्क वेगळं. उद्या वेबमेलमध्ये भोक सापडून सर्व्हर कुणाच्या ताब्यात गेला तरी तिथून टॅलीच्या मशीनपर्यंत रस्ता नसावा.

तिसरी, ओपनडब्ल्यूआरटी. हातात चांगला राउटर आधीच पडून असेल तर. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमचे जुने डबे मात्र भंगारात द्या, त्यांवर आताची आवृत्ती बसत नाही.

ओपीएनसेन्सचा आणखी एक फायदा मेलवाल्यांना होतो. त्यात अनबाउंड हा डीएनएस रिझॉल्व्हर (नावावरून पत्ता शोधणारा) आधीपासून असतो. स्पॅमहाउसला गुगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारलं तर ते उत्तर देत नाहीत, १२७.२५५.२५५.२५४ असा नकाराचा कोड देतात. पोस्टफिक्समध्ये 'काहीही उत्तर आलं म्हणजे काळ्या यादीत' असं लिहिलेलं असेल तर येणारा प्रत्येक मेल परत जातो. रिझॉल्व्हर स्वतःचा हवा, आणि तो पुढे गुगलला विचारत नसावा. काही राउटर पोर्ट ५३ वरचं (डीएनएसचं) सगळं परस्पर स्वतःकडे वळवतात, तसला नको.

दारं कुठली उघडायची

पोर्ट २५ सगळ्या जगाला. यावर देशाप्रमाणे बंदी घालू नका. जर्मनीतला खरेदीदार आहे आणि मेल येत नाही म्हणून ओरड होते, तेव्हा मागे असली बंदी निघते. ४६५ आणि ५८७ आपल्या लोकांना मेल पाठवायला, ९९३ वाचायला. या तिघांवर मात्र 'फक्त भारत' असं लावायला हरकत नाही, साहेब परदेशी निघाले की तेवढ्यापुरतं काढायचं. पासवर्ड शोधणाऱ्या बॉटची वर्दळ त्याने झटकन कमी होते. ११० आणि १४३ उघडूच नका. वेबमेल हवा तर ४४३, आणि लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट ८० वरून घेत असाल तर ८०.

आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी) लाइनीवर असेल तर तिथे नॅटचा आडोसा नसतो, प्रत्येक मशीन थेट बाहेरून गाठता येतं. राउटरमध्ये आयपीव्ही६ चे वेगळे नियम हवेतच. पीटीआर मिळत नसेल तर पोस्टफिक्सला आयपीव्ही४ वरच ठेवा.

राउटरचं स्वतःचं पान बाहेरून कधीही उघडं नको. मायक्रोटिकच्या विनबॉक्स या राउटर चालवायच्या प्रोग्रॅममधल्या छिद्राची दुरुस्ती एप्रिल २०१८ मध्ये आली. ती न बसवलेले आणि विनबॉक्स जगाला उघडा ठेवलेले राउटर पुढे कित्येक महिने लाखाच्या घरात पकडले जात होते, कुणाची तरी क्रिप्टो नाणी पाडायला. बाहेरून काम करायचं तर वायरगार्डने (व्हीपीएनने) आत या. आणि विकत घेताना विचारा की या मॉडेलला अपडेट किती वर्षं मिळणार. दुकानदार अडखळला तर मॉडेल जुनं आहे.

लॉग राउटरमध्ये ठेवू नका, दुसऱ्या मशीनवर पाठवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे कंपन्यांनी लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना सहा तासांच्या आत कळवायची असते. छोटा कारखाना म्हणून सूट नाही. राउटरला रिमोट सिसलॉग (लॉग बाहेर पाठवायला) आणि एनटीपी (घड्याळ जुळवायला) दोन्ही हवं. घड्याळ चुकीचं असेल तर लॉगला अर्थ राहत नाही.

पैसे देण्याआधी

बसवणाऱ्याला समोर बसवून तपासा. मोबाइलचा डेटा चालू करून बाहेरून पोर्ट २५ ला टेलनेट करा. स्वागताची ओळ पूर्ण दिसली पाहिजे, आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये मोबाइल कंपनीचा पत्ता उमटला पाहिजे, राउटरचा नाही. तिथूनच एका परक्या पत्त्यावरून दुसऱ्या परक्या पत्त्यावर मेल पाठवायचा प्रयत्न करा. 'रिले नाकारला' असं आलं तर ठीक. एखाद्या जीमेल खात्यावर दहा एमबीची फाइल पाठवा आणि तिथे मेलचा मूळ मजकूर उघडून एसपीएफ पास आहे का बघा. ऑफिसातल्या साध्या पीसीवरून पोर्ट २५ ने बाहेर जायचा प्रयत्न करा, तो अडला पाहिजे.

शेवटी मेन स्विच पाडा. वळवाच्या पावसात वीज दिवसातून चार वेळा जाते आणि यूपीएसची बॅटरी संपली की सगळं एकदम बंद पडतं. वीज आल्यावर पीसीवरचा फायरवॉल आपोआप चालू झाला पाहिजे. बायोसमध्ये त्याची वेगळी सेटिंग असते आणि ती बहुधा बंद येते. फायबरच्या डब्यालाही यूपीएसवर घ्या, तो कायम विसरला जातो. आणि कॉन्फिगरेशनची प्रत पेनड्राइव्हवर काढून मालकाच्या कपाटात ठेवा. स्वतःला मेल करून ठेवू नका, ती लागते तेव्हा मेल बंद असतो.